पन्नासची रेघ

खोलीत तेवीस चटया होत्या, एकोणीस पाट्या, एकशे बारा लाकडी ठोकळे, छताच्या कडीला टांगलेला एक वजनकाटा आणि त्याच्या शेजारी भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली उंची मोजायची पट्टी. पटावर मुलं सत्तावीस. त्या मंगळवारी सव्वीस आली होती, म्हणजे तिघं दुसऱ्याच्या चटईवर. माठ एक, तोही अर्धा.

ही मोजदाद ठेवायचं काम धाकट्या बाईचं. खरं तर ती बाई नव्हतीच, बालवाडीची मदतनीस होती. झाडणं, पाणी भरणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन दारापर्यंत फिरवून आणणं हे तिचं काम. पण मुलांना हुद्दे कळत नाहीत. त्यांनी एकीला थोरली बाई केलं, दुसरीला धाकटी, आणि गावानंही तेच उचललं.

थोरली बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. तिची जागा धाकटीला मिळू शकत होती, पण बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा झालेला हवा होता आणि थोरल्या बाईचं शिफारसपत्र हवं होतं. अभ्यासक्रमाचे रविवार संपले होते. वर्षभर दर रविवारी ती पहाटे निघून, दोन गाड्या बदलून तालुक्याला गेली होती. आता एका मुलाच्या वाढीचा आलेख काढायचा राहिला होता, आणि ‘माझी पुढील पाच वर्षांची उद्दिष्टं’ असं एक पान लिहायचं. मग पुढच्या बुधवारी परीक्षकबाई येऊन तासभर तिचं काम बघणार होत्या.

जागा मिळाली नाही तर काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा गवंडी. यंदा विहिरींनी तळ गाठला तशी गावातली बांधकामं थांबली. पाणी नाही तर माल कालवणार कशात? चार महिने त्याची थापी खुंटीवर होती. बायकोला जागा मिळाली तर इथं राहायचं, नाही मिळाली तर घराला कुलूप लावून बांधकामाच्या गावी पत्र्याच्या खोपटात जायचं, असं ठरल्यासारखं होतं. सोबत सासूबाई आणि सव्वातीन वर्षांची मुंगी.

मुंगी हे त्यांच्या मुलीचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “एवढीशी तर आहे. असू दे. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात.” तेच चिकटलं.

“पाच वर्षांचं विचारतात?” थोरली बाई त्या पानाकडे बघून हसली. “इथं पाच मिनिटं कुणी एका जागी बसत नाही. लिही, बाई व्हायचंय म्हणून. आणखी काय लिहिणार?”

“तेवढंच चालेल?”

“नाही चालणार. ‘सर्वांगीण विकास’ घाल कुठंतरी. त्याशिवाय त्यांना झोप येत नाही.”

दुपारी मुलं झोपली. बारा ते दोन खोलीत फक्त श्वास ऐकू यायचे आणि पत्र्याचं कडकड तापणं. थोरली बाई खुर्चीतच डुलकी घेत होती. धाकटीनं कपाटातून नोंदवही काढली आणि आलेखाच्या कागदावर मुंगीची उंची मांडायला घेतली. आपल्याच मुलीचा आलेख काढायला तिनं अभ्यासक्रमाच्या सरांना विचारलं होतं. चालेल म्हणाले होते.

पहिले आठ ठिपके सरळ चढले. ब्याऐंशीपर्यंत आले. पुढचा ठिपका शहाऐंशी पूर्णांक चारवर पडला. तिला वाटलं आपणच चुकलो. वही पुन्हा बघितली. ब्याऐंशी, मग शहाऐंशी पूर्णांक चार. एका महिन्यात साडेचार सेंटिमीटरच्या जवळ. त्याआधी महिन्याला अर्धा, फार तर पाऊण.

तिनं खोडरबर ठेवला आणि दुसऱ्या मुलाचं पान काढलं. त्याच महिन्यात चार पूर्णांक एक. तिसऱ्याचं चार पूर्णांक तीन. कुंभारणीची जुळी, दोघंही चार पूर्णांक पाच. दहावं पान पाणी वाहणाऱ्याच्या पोराचं होतं. तो महिना त्या पोरानं तापात काढला होता. ती स्वतः त्याच्या घरी जाऊन कपाळावर घड्या ठेवून आली होती. त्याच्या नावापुढे तीन पूर्णांक नऊ लिहिलं होतं.

तापातलं पोर महिन्यात चार सेंटिमीटर वाढत नाही.

 तिनं वहीवरची तारीख बघितली. चौदा महिन्यांपूर्वीचा तो महिना. त्या महिन्यात काय झालं होतं? तिनं मान खाली घातली आणि तिला पायाखालची फरशी दिसली, त्याच महिन्याच्या सुट्टीत नवऱ्यानं घातलेली.

भिंतीवर, पट्टीच्या वर, काचेतलं प्रशस्तिपत्र होतं. ‘मुलांच्या वाढीत लक्षणीय सुधारणा.’ खाली थोरल्या बाईचं नाव. सुट्टीत घरचं दूध-अंडं लागलं पोरांना, असं तेव्हा बाई सगळ्यांना सांगत होती, आणि सगळ्यांना ते खरं वाटलं होतं.

*

“फरशीखाली माल किती घातला होता तुम्ही?” संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं.

तो अंगणात बसून थापीला तेल पुसत होता. काम नसलं तरी रोज पुसायचा. “का?”

“सांगा ना.”

“इंचभर माल, वर अर्ध्या इंचाची फरशी. का? उचकटली कुठं?”

“नाही.”

“मग? माझी फरशी पाणसळ लावून बघ कुठंही. गोटी ठेवलीस तर हलायची नाही. गावात आणखी कुणाची आहे तसली?”

“फरशी चांगलीच आहे हो. पण ती जुन्या जमिनीवर घातली ना? म्हणजे जमीन वर आली. पट्टी होती तिथंच राहिली.”

त्याचा हात थांबला.

सासूबाई उंबऱ्यात मुंगीला भरवत होत्या. “काय झालं गं? पट्टीचं काय?”

“काही नाही, आई.”

“काही नाही कसं? तोंड बघ तुझं. भूत बघितल्यासारखं.” त्यांनी मुंगीच्या तोंडात घास दिला. “ही बघ माझी वाढती वेल. वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली. बाईच म्हणाल्या, आजीच्या हाताला गुण आहे. खा गं माझी राणी.”

मुंगीनं घास गालात धरून ठेवला. ती नेहमीच तसं करायची.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं बालवाडीत गेली. गवंडी गुडघ्यांवर बसला आणि टेप काढला. पट्टी शून्यापासून सुरू होत नव्हती, पन्नासपासून होत होती. सगळ्यात खालच्या रेघेशी बारीक अक्षरं होती. दरवर्षीच्या चुन्याखाली ती गडप झाली होती. तिनं ओल्या फडक्यानं घासलं. ‘ही रेघ जमिनीपासून ५० सें.मी.’

त्यानं टेप रेघेला लावला, टोक फरशीवर टेकवलं, डोळा बारीक केला. मग पुन्हा लावला. मग तिच्याकडे दिला.

शेहेचाळीस पूर्णांक दोन.

“तीन पूर्णांक आठ,” ती म्हणाली. “पोरं उंच झाली नाहीत. पोरांखालची जमीन उंच झाली.”

त्यानं फरशीवर तळहात टेकला. “मला कुणी सांगितलं नाही पट्टी हलवायला,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “मीही विचारलं नाही.”

“तुमची चूक नाही.”

“कुणाची आहे मग? फरशीची?”

तिच्या डोक्यात वजाबाकी चालली होती. मुंगीची मागच्या महिन्याची नोंद एक्याण्णव पूर्णांक एक. त्यातून तीन पूर्णांक आठ वजा, म्हणजे सत्त्याऐंशी पूर्णांक तीन. त्या वयाला तक्त्यावरची लाल रेघ नव्वदच्या किंचित खाली होती. लाल रेघेखालच्या मुलांची यादी नर्स दर महिन्याला घेऊन जायची. त्या मुलांना डॉक्टर तपासायचे, औषध यायचं, जादा आहार यायचा. चौदा महिने या बालवाडीतून यादीत एकही नाव गेलं नव्हतं.

तिनं बोटांवर मोजलं. सात मुलं. सातवी मुंगी.

*

थोरल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढला.

“दर महिन्याला मी मापं घेतली,” ती म्हणाली. “सही माझी आहे.”

“बाई, कुणालाही कळलं नसतं...”

“तुला कळलं की.” ती उठून दाराशी गेली, बाहेर कुणी आहे का बघून परत आली. “हे बघ पोरी. माझे एकोणीस दिवस राहिलेत. तीस वर्षं केली मी इथं. एक ठपका नाही. आता जाता जाता लोक काय म्हणतील? पोरांची उंची चोरून शाबासकी घेतली?”

“पण तुम्ही मुद्दाम...”

“मुद्दाम आणि चुकून हे आपल्याला. कागदाला काय कळतं?” बाईचा आवाज खाली आला. “मी गेले की हलव पट्टी. एकोणीस दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? तोवर गप्प राहा. तुझं पत्र लिहून ठेवलंय मी. कपाटात आहे. सहीच काय ती राहिलीय.”

हे धमकावून म्हटलेलं नव्हतं. बाई विनवत होती. धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाला तोंड देता येतं.

“बरं,” ती म्हणाली.

*

शनिवारी नर्स आली. स्कूटर दारात लावून, माठातलं अर्धं भांडं पाणी पिऊन खुर्चीत टेकली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“लाल रेघेखाली किती?”

“एकही नाही,” थोरली बाई म्हणाली. तिनं वहीत बघितलं नाही.

“सोन्याचा हात आहे बाई तुमचा. पलीकडच्या गावात अकरा आहेत. तुम्ही गेल्यावर कसं व्हायचं?” नर्स लिहिता लिहिता थांबली. धाकटीच्या कडेवर मुंगी होती. “ही केवढी? अडीचची?”

“सव्वातीनची,” धाकटी म्हणाली. 

“दिसत नाही तेवढी.” नर्सनं वही ओढली, बोट फिरवलं. “एक्याण्णव पूर्णांक एक. ठीक आहे की मग. चणच बारीक असेल. आई तरी कुठं ताडमाड आहे!” ती हसली. थोरली बाई हसली. धाकटीही हसली. हसताना तिला आपले दात कोरडे लागले.

नर्सनं रकान्यात शून्य घातलं, सही केली, स्कूटरला लाथ मारली. धूळ बसेपर्यंत धाकटी दारात उभी होती. मुंगीची टाच तिच्या कमरेला टोचत होती. एवढी हलकी की कडेवर पोर आहे हे विसरायला व्हावं.

तिनं मागे वळून बघितलं. थोरली बाई मुलांना ठोकळे वाटत होती. प्रत्येकाला चार. तिच्याकडे बघत नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“म्हणजे माझ्या हाताखाली पोर वाढली नाही म्हणता?”

“वाढली, आई. पण नऊ नाही. पाच.”

“मी उपाशी ठेवलं का तिला? घास घास मागं धावून भरवते मी. तू रविवारी तुझ्या शाळेत असायचीस तेव्हा कोण भरवायचं?” त्यांचा आवाज फाटला. “आता तुझी वही मला खोटं पाडणार!”

“आई, तिला काहीतरी होत असेल. पोटात जंत असतील, रक्त कमी असेल. आपल्याला दिसत नाही. डॉक्टरला दिसेल. पण नाव यादीत गेलं तर.”

“आणि तुझी जागा?”

गवंडी उठला, खुंटीवरची पिशवी काढली, ओळंबा बाहेर घेतला आणि उगाच दोरी बोटाला गुंडाळत बसला.

“एकदा मी एक भिंत बांधली होती,” तो म्हणाला. “नवा होतो. दोन पुरुष उंच चढल्यावर कळलं, बोटभर कलली आहे. मिस्त्रीला म्हटलं, गिलाव्यात काढू. गिलावा जाड घातला की सरळ दिसते. मिस्त्री म्हणाला, दिसेल. राहायला तू जा.”

“मग?”

“पाडली. तीन दिवसांची मजुरी गेली.” त्यानं दोरी सोडली. “तुझं तू ठरव. मी खिळे घेऊन येईन. नको म्हणशील तर नाही येणार.”

रविवार, सोमवार, मंगळवार. तिला जेवण जात नव्हतं. झाडताना केरसुणी पट्टीखाली आली की ती तेवढी जागा सोडून द्यायची. उद्दिष्टांच्या पानावर तिनं तीनदा ‘सर्वांगीण विकास’ लिहिलं आणि तीनदा कागद चुरगाळला. मंगळवारी दुपारी, मुलं झोपलेली असताना, तिनं चौथ्या कागदावर एकच ओळ लिहिली आणि घडी घालून ठेवून दिला.

घरी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “सकाळी लवकर उठा.”

*

बुधवारी परीक्षकबाई दहाला येणार होत्या. सातला गवंडी भिंतीशी बसला. चिमट्यानं चारी खिळे हळू उपटले. पट्टी वर सरकवली. तिनं टेप धरला, त्यानं पेन्सिलीनं खूण केली. पन्नास. ओळंबा सोडून पट्टी सरळ आहे ना ते बघितलं. पहिला खिळा अर्धा आत गेला आणि दारात सावली पडली.

थोरली बाई उभी होती.

हातोडी हवेत थांबली. धाकटी टेप हातात घेऊनच उठली.

“बाई, मी सांगणारच होते तुम्हाला...”

“कधी? ठोकून झाल्यावर?”

थोरली बाई आत आली. चपला काढल्या. पट्टीच्या जुन्या जागी चुन्यात खालची दोन भोकं आणि दोन बोटं रुंद गोरा पट्टा उघडा पडला होता. त्यावरून तिनं बोट फिरवलं.

“शनिवारी नर्सला मी शून्य सांगितलं,” ती म्हणाली. “आकडा तोंडातून निघाला आणि वाटलं, आता तू बोलशील. तू हसलीस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.” मग ती गवंड्याकडे वळली. “बघतोस काय? मार. सरळ मार, पोपडा काढू नकोस भिंतीचा.”

ती खुर्चीत बसली, नोंदवही उघडली आणि लाल पेनानं पानभर लिहिलं. वाचून दाखवलं नाही. खाली सही केली. मग उठून कपाटातून एक कागद काढला आणि त्यावरही केली.

“शाई लाल आहे,” ती पत्र पुढे करत म्हणाली. “चालेल का, ते विचार त्यांना.”

*

परीक्षकबाई उंच, कोरड्या आवाजाच्या होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, वही मागितली, लाल पान वाचलं. वाचताना ओठ मिटलेले होते. आया दारात जमल्या होत्या. सासूबाई मुंगीचा हात धरून सगळ्यांच्या पुढे.

“म्हणजे चौदा महिन्यांच्या सगळ्या नोंदी चुकीच्या?”

“हो,” थोरली बाई म्हणाली.

“हे वर कळवावं लागेल. कदाचित चौकशी होईल.”

“कळवा.”

“कुणी शोधलं?”

“हिनं.”

परीक्षकबाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. त्या फाइलमधली पानं उलटू लागल्या. आलेख, शिफारसपत्र. लाल सहीवर क्षणभर थांबल्या. मग घडी घातलेला कागद उघडला, मागची बाजूही बघितली.

“‘मापं बरोबर घेता यावीत.’ एवढंच?”

“हो.”

“पाच वर्षं लागतील याला?”

“माहीत नाही, मॅडम. चौदा महिने तर कळलंच नव्हतं.”

दारातली कुणीतरी खुदकन हसली आणि गप्प झाली. परीक्षकबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुन्हा घडी घालून फाइलमध्ये ठेवला, मांडीवर गुणपत्रिका घेतली.

“घ्या मग माप. एकाचं घ्या. तीनदा.”

धाकटीनं मुंगीला पुढे आणलं. चपला काढल्या. डोक्यावरचा पट्टा काढला, केस चापून बसवले. मुंगीची पाठ भिंतीला लागली. तिची टाच उचलायची सवय होती. आजी म्हणायची, ताठ उभी राहा, आणि ती चवड्यावर जायची. धाकटी काही बोलायच्या आत सासूबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी दोन्ही हातांनी नातीच्या टाचा फरशीवर दाबून धरल्या आणि मान वर केली नाही. थोरल्या बाईनं मुंगीची हनुवटी धरून नजर सरळ केली.

“हलू नकोस हं, मुंगे,” धाकटी म्हणाली. लाकडी फळी डोक्यावर टेकवली. स्वतः वाकून डोळा फळीच्या पातळीत आणला. श्वास धरला. पहिलं माप सांगितलं. मुंगीला एक पाऊल पुढे घेतलं, पुन्हा उभं केलं, दुसरं सांगितलं. मग तिसरं. थोरली बाई एका हातानं वहीत लिहीत होती.

सत्त्याऐंशी पूर्णांक आठ. सत्त्याऐंशी पूर्णांक सात. सत्त्याऐंशी पूर्णांक आठ.